अडुसष्ट बाय पंच्याहत्तर : एक प्रस्तावना

आमच्या मालवणच्या बाजूला अजूनही एखाद्या मांगरात, जळणाच्या फाट्यांआड, जुन्या जाळ्याखाली झाकलेली फियाट सापडते. टायर बसलेले, मागच्या सीटवर कोंबडीने संसार मांडलेला, काचेच्या कोपऱ्यात कुठल्याशा चतुर्थीचं स्टिकर. मालक मुंबईला होता. निवृत्त झाला तशी सामानाबरोबर गाडीही गावाला आली. चार वर्षं बाजाराला, लग्नाकार्याला फिरली. मग घाटात तापायला लागली, ऑइल खाऊ लागली, पिकअप गेला, आणि एका पावसाळ्याच्या तोंडावर मांगरात शिरली ती शिरलीच. आता मुलगा नाहीतर नातू तिला बाहेर काढतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "हिच्यात नवीन गाडीचं इंजिन बसेल ना?"

बसतं. बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, एक चालवलीही आहे. पण हे पुस्तक ज्याला तिचं जुनंच इंजिन नव्याने बांधायचं आहे त्याच्यासाठी आहे. नुसतं सुरू व्हावं म्हणून नव्हे. आंबोली चढताना मागून एसटीने हॉर्न मारू नये, इतपत ते ओढलं पाहिजे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे आडवं येणार नाही. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात असेल, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसतील, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, आधी नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे लक्षात ठेवा. पण ज्याच्याकडे सत्तरच्या दशकातली गाडी आहे त्याने मूळ इंजिन भंगारात देण्याआधी दहादा विचार करावा.

विचार करण्याचं दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणजे या इंजिनाचं घराणं.

आपण ज्याला पद्मिनीचं, म्हणजे या फियाटचंच, इंजिन म्हणतो त्याची मापं १९३७ची आहेत. दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली फियाटने ५०८ सी नावाची छोटी गाडी काढली. चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, मिळून १,०८९ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, ताकद ३२ हॉर्सपॉवर. दुसरं महायुद्ध झालं, फियाटच्या गाड्यांचे आकार बदलले, पण ६८ बाय ७५ तसंच राहिलं. १९५३ साली ११००/१०३ आली तेव्हा साध्या गाडीत या मापातून ३६ हॉर्सपॉवर निघत होती, आणि त्याच वर्षीच्या 'टीव्ही', म्हणजे तुरिस्मो व्हेलोचे या चपळ भावंडात पन्नासच्या आसपास. सीसी एकाचाही फरक नाही. फरक होता तो कंप्रेशनमध्ये, कार्बोरेटरमध्ये आणि श्वास घेण्याच्या वाटांमध्ये. या पुस्तकात जे काही करायला सांगितलं आहे त्याचा दाखला कारखान्यानेच सत्तर वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे.

याच मापाच्या इंजिनावर इटलीत चिसितालिया नावाच्या रेसगाड्या बांधल्या गेल्या. जून १९४७मध्ये, आपलं स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, ताझिओ नुव्होलारी हा वयाने पन्नाशी ओलांडलेला, आजारी माणूस अशी एक उघडी चिसितालिया घेऊन मिले मिलिया शर्यतीत उतरला. इटलीच्या साध्या रस्त्यांवरून हजार मैलांहून जास्त. समोर जवळजवळ तिप्पट सीसीची अल्फा रोमिओ. नुव्होलारी पुढे होता. शेवटच्या टप्प्यात धो धो पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी गेलं, गाडी अडखळली आणि तो दुसरा आला. ही हकिगत कोकणातल्या फियाटवाल्याला सांगितली की तो हसतो. मृगाच्या पहिल्या सरीत डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून फडक्याने पुसण्याचा अनुभव त्याला असतोच.

आपल्याकडे ही गाडी आली कुर्ल्याला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पन्नासच्या दशकात फियाट ११०० जुळू लागली, १९६४ला 'डिलाइट' आली, १९७४पासून तिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, आणि एकविसावं शतक उजाडेपर्यंत ती निघत राहिली. साधारण चाळीस हॉर्सपॉवर, सर्वांत जास्त ओढ तीन हजार आरपीएमच्या आसपास. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून काळ्या-पिवळ्या रंगातली ही गाडी रस्त्यावरून उतरली. तिच्यावर तेव्हा पुष्कळ हळवं लिहून आलं. इंजिनाबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही.

आता रस्त्यावरची ताकद म्हणजे काय ते ठरवू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा हिशोब इथे कामाचा नाही. सिंधुदुर्गातून वर जायचं तर आंबोली, फोंडा, करूळ किंवा भुईबावडा. सावंतवाडीहून दाणोली सोडली की आंबोलीपर्यंत गाडी समुद्रसपाटीच्या जवळून जवळजवळ सातशे मीटर उंचीवर चढते. चार माणसं, आंब्याच्या दोन पेट्या, वळणावर समोरून ट्रक. गाडी ताशी पस्तीसवर, गिअर तिसरा, इंजिन दोन-अडीच हजारांवर फिरतंय. तिथे ती तिसऱ्यातच ओढून नेते की दुसरा टाकावा लागतो, हीच परीक्षा. पाच हजार आरपीएमला किती हॉर्सपॉवर मिळते याच्याशी तिचा काही संबंध नाही. म्हणून रेसिंगची कॅमशाफ्ट, दोन मोठे कार्बोरेटर असली खरेदी मी सरळ बाजूला ठेवली आहे. त्याने ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खाली, जिथे आपल्याला हवी असते तिथे, इंजिन रिकामं पडतं. शिवाय या क्रँकला मेन बेअरिंग तीनच आहेत. तिला सतत सहा हजारांवर नाचवणं बरं नव्हे.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं वाटेल. नाही, शिक्षा भोगून सांगतोय.

नव्वदच्या दशकात बाबांची फियाट मी पहिल्यांदा उघडली. उघडली म्हणजे उघडायला दिली. कुणीतरी सांगितलं होतं की हेडला फेस मारला, म्हणजे त्याची खालची बाजू मशीनवर घासून काढली, की कंप्रेशन वाढतं आणि गाडी पळते. खरंच आहे ते. मी एका वर्कशॉपमध्ये हेड नेलं आणि म्हटलं, जरा चांगला मारा. त्यांनी मारला. आधी किती वेळा मारला होता हे त्यांनी विचारलं नाही, मला सांगता आलं नसतं. सपाटीवर गाडी अशी काही उडाली की मी दोन दिवस गावभर मिरवत होतो. तिसऱ्या दिवशी आंबोली. दाणोलीच्या पुढे चढ लागला आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज सुरू झाला. नॉकिंग. मला वाटलं टॅपेट वाजतायत. धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर पांढरा धूर, काटा लालमध्ये, आणि गाडी उभी. डिपस्टिक काढली तर तिला दुधाचा चहा चिकटला होता. दोन आणि तीन नंबरच्या मधलं गॅस्केट जळलं होतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं.

गाडी ओढत खाली आणली ती कुडाळच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांवर त्यांची हयात गेली होती. त्यांनी हेड हातात घेतलं, उलटं केलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यां आता लोणच्याच्या बरणीवर ठेव." मी दुसरं हेड कुठून आणू, किती फेस मारू, असं विचारायला लागलो तर एवढंच म्हणाले, "पयली मापां घे, मगे माका इचार."

मापं घ्यायची तर त्यांच्याकडे एक पद्धत होती, ती या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात चित्रांसह आहे. इथे थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकाचा सगळा स्वभाव तिच्यात आहे. हेड टेबलावर उलटं, अगदी समतल ठेवायचं. व्हॉल्व आणि प्लग जागेवर. चेंबरच्या कडेला पातळ ग्रीस लावून वर जाड प्लास्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवायची, तिला एक बारीक भोक. औषधाच्या दुकानातून वीस मिलिलिटरची सिरिंज आणायची, रॉकेलमध्ये थोडं ऑइल घालून रंग आणायचा, आणि त्या भोकातून थेंब थेंब आत सोडायचं. शेवटचा बुडबुडा निघून गेला की किती गेलं ते लिहायचं. चारही चेंबर. त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्यावरची जागा मिळवली की हिशोब पुरा.

हिशोब असा. ६८ बाय ७५च्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन २७२.४ सीसी जागा झाडतो. कंप्रेशन साडेसातास एक हवं असेल तर वर ४१.९ सीसी जागा उरली पाहिजे. साडेआठास एक हवं तर ३६.३. दोन्हींतला फरक साडेपाच सीसी, म्हणजे खोकल्याच्या औषधाचा एक चमचा. एवढ्याशा जागेवर घाटातली सगळी गंमत अवलंबून आहे. माझ्या त्या बरणीवरच्या हेडची जागा मोजली तर सगळं धरून ३३ भरली. सव्वानऊच्या वर गेलेलं कंप्रेशन, तेव्हाचं पेट्रोल, आणि वर मी टायमिंगही पुढे नेलेलं. जळलं यात नवल नव्हतं.

दुसरं माप वजनाचं. मेस्त्रींनी चारही कनेक्टिंग रॉड माझ्या हातात देऊन मला सोनाराकडे पाठवलं. सोनाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काट्यावर फडकं अंथरलं. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड रॉडमध्ये ११ ग्रॅमचा फरक निघाला. क्रँकपिनपाशी फिरणारे हे ११ ग्रॅम चार हजार आरपीएमला सात किलोपेक्षा जास्त जोराने बाहेर ओढत असतात, आणि ते सेकंदाला सहासष्ट वेळा. गाडी वेगात थरथरते, स्टिअरिंगला मुंग्या येतात, आणि आपण मात्र इंजिन माउंटिंग बदलत बसतो. जड रॉड घासून हलक्याच्या वजनाला आणले की इंजिन वर फिरताना जी शांतता येते ती कुठलाही महागडा सुटा भाग देत नाही. या कामाचा खर्च एक कानस आणि एक रविवार.

बोअरच्या कामाला आमच्याकडे बहुतेक जण ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवतात. पिढ्यान्‌पिढ्या इंजिनं आणि ओतकाम करणारी वस्ती आहे ती. फोंडा किंवा करूळ घाट चढून टेम्पोतून ब्लॉक वर जातो आणि बोअर होऊन खाली येतो. पुढे त्याच चढाला तो पुन्हा लागणार असतो. ६८चा बोअर ६९ केला तर १,०८९ सीसीचे १,१२२ होतात. तीन टक्के. नुसत्या मोठ्या पिस्टनने ताकद वाढेल म्हणून कुणी बोअर करत असेल तर करू नये. झीज झाली म्हणून करावं, आणि झीज निघेल इतकंच लहान माप घ्यावं. ब्लॉक पुढच्या पिढीलाही उरला पाहिजे. होनिंगबद्दल मात्र हट्ट धरा. वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण वाटलं जात नाही, त्याला टाकी लावून घ्यावी लागते. सिलिंडरचं तसंच. आतल्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतील तरच त्यांत ऑइल धरतं आणि रिंगा बसतात. आरशासारखा चकचकीत सिलिंडर कुणी कौतुकाने दाखवला तर परत पाठवा.

पेट्रोलवर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, कारण बाबांच्या वेळचं पेट्रोल आता नाही. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटला नकळत राखत होतं. तेव्हा हेड उतरवलंच आहे तर कठीण सीट बसवून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुन्या रबरी नळ्या फुगतात, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सुटून जेटमध्ये येतो, आणि आमच्या दमट हवेत उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि गाडी चढावर गुदमरते. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. उदाहरणार्थ ११५चा जेट काढून १२०चा घातला तर भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि फरक साधारण तेवढ्यानेच भरून निघतो. पण याच पेट्रोलचा एक गुण जुन्या इंजिनाच्या पथ्यावर पडतो. त्याचं ऑक्टेन बाबांच्या काळच्या पेट्रोलपेक्षा बरंच वर आहे. माझं पहिलं हेड ज्या भुलीने जळलं तीच गोष्ट, मोजून आणि साडेआठाच्या आसपास थांबून, आज करता येते. पुस्तकातली ताकदीची खरी वाढ इथून येते. बाकी सगळी गळती बुजवणं आहे.

आणि पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि मधे खारं पाणी, ही चक्क बॅटरी झाली. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. मालवण, देवबाग, तारकर्लीकडच्या गाड्यांची हेडं मी उतरवलेली पाहिली आहेत, पाण्याच्या वाटांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, इतकं साधं वाक्य मी पुस्तकात चार ठिकाणी लिहिलं आहे. संपादकांनी तीन काढायला सांगितली, मी काढली नाहीत.

ब्रेक चारही चाकांना ड्रमच आहेत. इंजिनाचं काम सुरू करण्याआधी ते करा. आंबोली चढायची तितकीच उतरायचीही असते.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. टर्बो नाही, एलपीजी नाही, डिझेल पद्मिनी नाही. रंगकाम आणि पत्राकाम नाही, त्यासाठी वेगळी माणसं आहेत. किमतीही दिलेल्या नाहीत, कारण पुस्तक छापून येईपर्यंत त्या खोट्या ठरतात. मापं मात्र सगळी दिली आहेत आणि प्रत्येक माप कुठल्या अवजाराने, कुठल्या जागी, कितीदा घ्यायचं तेही. ज्या ठिकाणी माझं आणि कोल्हापूरच्या मशीनवाल्यांचं मत वेगळं पडलं तिथे दोन्ही मतं लिहिली आहेत. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

ते मेस्त्री आता नाहीत. ते हेड अजून आमच्या स्वयंपाकघरात बरणीवर आहे.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आठ रकाने कोरे ठेवले आहेत, वर चार आणि खाली चार. हातात पाना घेण्याआधी गाडी गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कंप्रेशन गेजवर एकेका सिलिंडरचा आकडा वरच्या रकान्यात लिहा. मग प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून तेच पुन्हा करा आणि खालच्या रकान्यात लिहा. खालचा आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्वचा किंवा गॅस्केटचा. हे आठ आकडे भरल्याशिवाय पहिलं प्रकरण उघडू नका.